हात लावू नये

सर दिवाळीला मुलीकडे पुण्याला गेले आणि मी त्यांच्या खोलीतली भेग बुजवली.

चांगल्या मनानं बुजवली, हे आधीच सांगतो. आजवर माझ्या हातून जी काही नासाडी झाली ती सगळी चांगल्या मनानंच झालेली आहे. सिंदी रेल्वे या गावाला माझं घर, लाईनीला अगदी लागून. मागच्या अंगाची एक खोली भाड्यानं देतो. दिवाळीआधी तिथं चुना मारून घ्यावा म्हणून माझ्याजवळच्या किल्लीनं ती उघडली, तर लाईनीकडच्या भिंतीला एक राखाडी पट्टी दिसली. हातभर लांब, वीतभर रुंद. एक टोक नटबोल्टनं भिंतीला आवळलेलं, दुसरं हवेत, आणि त्या हवेतल्या टोकाला तारेनं किराणा दुकानातलं किलोचं वजन लटकवलेलं. पट्टीच्या मुळाशी, काठावरून आत, एक बारीक भेग गेलेली. शेजारी भिंतीवर कागद चिकटवला होता : ‘हात लावू नये.’

मला वाटलं, पडेल म्हणून लिहिलंय.

बिचाऱ्यानं फळी लावली, फळी मोडायला आली आणि घरमालकाला सांगायला लाजला, असा सगळा प्रकार माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी वजन काढून खाली ठेवलं. मळून लावायचं सील आणलं, भेगेत अंगठ्यानं दाबून भरलं, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासलं आणि वरून राखाडी रंगाचा हात दिला. भेग कुठे होती ते आता माझं मलाच सापडेना. मग बायकोला बोलावून दाखवलं. तिनं पट्टीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि काय लिहिलं आहे ते वाचलं का, असं मला विचारलं. मी म्हटलं, वाचलं ना. ती तेवढ्यावर आत निघून गेली. एवढ्या वर्षांत ती माझ्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी थांबायला शिकली आहे.

आता हे सर कोण, ते सांगितलं पाहिजे.

लाईनीजवळची खोली भाड्यानं देणं ही एक कला आहे. ती गाड्यांच्या वेळा बघून दाखवावी लागते. कोळशाची मालगाडी जाऊ द्यायची आणि दुसरी यायच्या आत माणसाला खोली दाखवून, चहा पाजून बाहेर काढायचं. सर आले त्या दिवशी मात्र एक मालगाडी वेळ सोडून आली. तावदानं वाजायला लागली, मांडणीवरचे ग्लास एकमेकांना लागायला लागले. गेलं गिऱ्हाईक, असं मी मनात म्हणतो तोवर सरांनी भिंतीला तळहात टेकवला आणि डोळे मिटले. शेवटचा डबा जाईपर्यंत ते तसेच उभे. मला वाटलं, चक्कर आली.

डोळे उघडून त्यांनी विचारलं, “दिवसातून किती जातात?”

“दोन-तीन जातात जी,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम पडला. “फक्त दोन-तीन?”

मी गडबडलो. म्हटलं, तशा बऱ्याच जातात, रात्रीच्या धरल्या नाहीत. मग भरलेल्या किती, रिकाम्या किती, भरलेली सावकाश जाते की जोरात, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. भिंत कशाची आहे, किती इंची आहे, हेही विचारलं. नळाला पाणी येतं का, हे विचारलं नाही. तिथल्या तिथं खोली घेतली.

सर जवळच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. मूळचे सांगलीकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी पुण्याला. त्यांचं सामान आलं त्यात आधी इन्व्हर्टर उतरला, मग कॉम्प्युटर, आणि सगळ्यांत शेवटी, आठवण आल्यासारखी, एक गादी. मे महिन्यात आमच्याकडे माणूस कूलरसमोरून उठत नाही. सरांच्या कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे असायचं आणि ते स्वतः डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बाजूला बसायचे. मी एकदा म्हटलं, सर, जरा तुमच्याकडे फिरवा. तर म्हणाले, “त्याचं गणित नऊ दिवसांपासून चालू आहे. तापला तर पहिल्यापासून करावं लागेल. मला काय, मी कधीही सुरू होतो.”

खिशात पेनाशेजारी गॅसचा लायटर. विडी-सिगरेटचं व्यसन नाही, चूल पेटवायची तर ती दिवसातून एकदा. पण विचार करताना लायटर काढून खट् खट् वाजवायची सवय. पहिल्यांदा बायको घाबरली, म्हणाली घर पेटवते हा माणूस. मी धीर करून विचारलं, तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवून समजावलं. ते असं, की लायटरमध्ये एक खडा असतो. तो दाबला की वीज देतो. असल्या खड्याच्या पातळ चकत्या काचेच्या धाग्यांच्या पट्टीत पेरल्या की पट्टी शहाणी होते. तिला कुठे ताण पडला, कुठे भेग गेली, ते ती स्वतः सांगते. विमानाचे पंख, पूल, असल्या ठिकाणी हे वापरतात.

“म्हणजे दुखलं की सांगते,” मी म्हटलं.

“सांगते. पण चकती पेरली की पट्टी तिथेच कमजोर होते,” सर म्हणाले. “सांगायला जो बसवला, तोच दुखरा.”

आणि लायटर खट् केला.

आता भेग वाढत वाढत त्या चकतीजवळ आली तर काय होईल? इथेच त्यांचं सगळं आयुष्य अडकलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. बाकीच्या विद्वानांचं म्हणणं, भेग सरळ चकतीत घुसेल. सरांचं गणित म्हणत होतं, भार जर धक्क्याधक्क्यानं येत असेल, एकदा जोरात, एकदा हळू, तर भेग चकतीच्या अलीकडेच वळेल आणि चकती वाचेल. हे त्यांनी अठरा वर्षं खपून, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर काढलं होतं. लेख लिहून परदेशी मासिकाला पाठवला तो तीनदा परत आला. तिन्ही वेळा एकच शेरा : गणित ठीक, प्रयोग कुठे आहे?

प्रयोगाला पट्टी हलवणारं यंत्र लागतं. त्यासाठी केलेल्या अर्जावर कॉलेजनं तीन वर्षं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तेव्हा सरांनी अर्ज करणं सोडलं आणि लाईनीजवळ खोल्या बघायला सुरुवात केली.

हे सगळं मला दिवाळीनंतर कळलं, म्हणजे कळून उपयोग नव्हता तेव्हा. त्याआधी मला आणि गावाला एवढंच माहीत, की हे भेगांचे सर. आमचा शेजारी त्यांना एकदा आपल्या स्लॅबची भेग दाखवायला घेऊन गेला. सर खुर्चीवर चढून अर्धा तास ती भेग बघत होते. शेवटी उतरले, “सुंदर आहे,” म्हणाले आणि चालायला लागले. शेजारी दोन महिने माझ्याशी बोलला नाही, जसा काही स्लॅब मीच टाकला होता.

बोलायला त्यांना कोणी नव्हतं, हे खरं. कॉलेजातले बाकीचे मास्तर ॲडमिशनच्या मागे आणि मुलं नोकरीच्या. सरांचा विषय समजणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही म्हटलं तर मी उरलो. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर टाकून घेणारा माणूस. संध्याकाळी ते ओट्यावर येत आणि मला तो विषय सांगत. मी हूं हूं करत असे. एकदा बोलता बोलता थांबून म्हणाले, “तुम्हाला कळत नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही मधेच मोबाइल बघत नाही.” हे माझं कौतुक होतं, असं मी धरून चाललो आहे.

तर भाऊबीज झाली आणि सर परतले. मी दारातच उभा होतो, कारण शाबासकी घ्यायची होती. त्यांनी कुलूप काढलं, पिशवी ठेवली, चष्मा पुसला, आणि खिशातून भिंग काढून सरळ पट्टीकडे गेले. वाकून बघितलं. मग बोटानं चाचपलं.  एक पॅसेंजर गेली, एक मालगाडी गेली.

“कोणी केलं?” त्यांनी विचारलं.

“मी केलं जी,” मी म्हटलं. “मोडाले आली होती.”

“हो,” सर म्हणाले. “चौदा महिन्यांनी आली होती.” मग पुन्हा एकदा त्या जागेवरून बोट फिरवून म्हणाले, “छान भरलंय.”

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सीलाच्या पाकिटावरचा मजकूर वाचायला मागितला, तो वाचला, वहीत काहीतरी लिहिलं, आणि मला चहा विचारला. मी त्यांच्याकडचा चहा पहिल्यांदाच प्यायलो. साखर नव्हती त्यात. घालायची राहिली की घालतच नव्हते, ते आजपर्यंत मला माहीत नाही.

भेग वळायच्या जागेपासून फक्त अकरा मिलिमीटरवर होती. आणि सर मेअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी भेग वळली असती, तर लेख पाठवून, निरोपाचा नारळ घेऊन ते मुलीकडे जाणार होते. तिनं त्यांच्यासाठी खोलीही रंगवून ठेवली होती. आता नवी पट्टी, नवी भेग आणि नवे चौदा महिने. हे हिशोब ते माझ्यासमोर बोलले नाहीत. मुलीशी फोनवर बोलताना मी ऐकले. तिकडून ती बरंच बोलत असावी. इकडून सर एवढंच म्हणत होते, “इथली भिंत जमली आहे गं. दुसरीकडे पुन्हा जुळवावं लागेल.”

नवी पट्टी आम्ही दोघांनी गच्चीवर केली. काचेचं कापड पसरायचं, त्यावर राळ फासायची, चकती ठेवायची, पुन्हा कापड, पुन्हा राळ. पहिल्या पट्टीत माझा रुमाल चिकटला. दुसरीत मीच चिकटलो, कोपरापर्यंत, आणि सुटलो तो हातावरचे केस देऊन. तिसरीत चकती उलटी बसली. चौथी जमली. जानेवारीत ती भिंतीवर चढली. सरांनी करवतीच्या पात्यानं काठाला एक छोटा काप दिला, वजन लटकवलं, आणि जुना कागद पुन्हा चिकटवला. त्यावर काही वाढवून लिहितील असं मला वाटलं होतं. नाही लिहिलं.

मे महिन्यात कॉलेजनं निरोप समारंभ केला. पत्रिकेत ‘सहकुटुंब’ लिहिलेलं होतं. मुलीचं बाळ तापानं आजारी, तिला येता आलं नाही. सर आदल्या दिवशी ओट्यावर आले आणि लायटर तीन-चारदा खट् खट् करून म्हणाले, कुटुंबासाठी पुढे दोन खुर्च्या ठेवतात, त्या रिकाम्या दिसतील. म्हणून आम्ही नवरा-बायको त्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. बायकोनं लग्नाला नेसायची साडी नेसली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी सरांच्या संशोधनाचं नाव वाचताना दोनदा श्वास घेतला. फोटोत सरांच्या एका बाजूला माझी बायको आणि दुसऱ्या बाजूला नारळ धरलेला मी. भाषणात सर म्हणाले, या हॉलचा पंखा थरथरतो, त्याचे बोल्ट बघून घ्या. आणि बसले.

निवृत्तीनंतर ते राहिले. आता कॉलेजही नाही, त्यामुळे दिवसभर तीच खोली. सकाळची कोळशाची गाडी गेली की भेगेच्या टोकावर लाल शाईचा थेंब लावायचा, चिंधीनं पुसायचा. वरची शाई निघते, भेगेतली राहते. मग भिंगातून माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं. “भेग बघू नका, टोक बघा,” असं ते मला शिकवताना म्हणायचे. “मागचं सगळं होऊन गेलेलं असतं.” बायको कधी भाकरी-भाजी पाठवायची. ते ताट धुऊन परत द्यायचे, पण आमच्याकडे जेवायला या म्हटलं की त्यांचं काहीतरी चालू असायचं.

सप्टेंबरात त्यांना छातीत दुखायला लागलं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस वहीतली अक्षरं वाकडी आली, ती बायकोनं पाहिली, आणि मी त्यांना गाडीत घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. मुलगी आली आणि तिथूनच त्यांना पुण्याला घेऊन गेली. कॉम्प्युटर मागाहून गेला. पट्टी राहिली. पुण्यात आमच्या भिंतीसारखी भिंत कुठून आणणार?

जाताना सरांनी भिंग माझ्या हातात दिलं. म्हणाले, दर रविवारी सकाळी फोन करा. आकडा सांगा.

मग मी रोज शाई लावायला लागलो. रविवारी नऊ वाजता फोन. माझा आकडा, त्यांचं “बरं”, शाई ताजी आहे का, वजन सरकलं नाही ना, आणि झालं. दोन मिनिटं. छत्तीस मिलिमीटर, साडेसदतीस, एकोणचाळीस. आकडा वाढला की त्यांचं ‘बरं’ थोडं लांबायचं. एवढ्यावर माझा रविवार चांगला जायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी भेग एक्केचाळीसवर आली आणि थांबली. एक रविवार एक्केचाळीस. दुसरा रविवार एक्केचाळीस. मार्च गेला, एक्केचाळीस. सरांचं ‘बरं’ आखूड व्हायला लागलं. मला फोन करायची भीती वाटू लागली, परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखी. दुसऱ्याच्या भेगेच्या बाबतीत आपण एकदा शहाणपण केलं आहे, हे विसरून मी एप्रिलातल्या एका रविवारी सांगून टाकलं, साडेएक्केचाळीस.

पलीकडे लायटर खट् वाजला.

“या आठवड्यात वाढली?”

“हो जी.”

“या आठवड्यात तुमच्याकडे लाईनीचं काम होतं,” सर म्हणाले. “चार दिवस मालगाड्या बंद होत्या. मी नागपूरचा पेपर वाचतो रोज, मोबाइलवर.”

घर शांत होतं, हे मला कळलं होतं. बायको तर म्हणालीही होती, झोप चांगली लागून राह्यली. पण त्याचा भेगेशी संबंध मी लावला नव्हता. अर्ध्या मिलिमीटरसाठी माणूस कुठे कुठे पकडला जाऊ शकतो.

“वाढली नाई जी,” मी म्हटलं. “दीड महिना झाला, तिथंच हाये. दर वेळी तेच काय सांगावं तुमाले, म्हणून...”

ते रागावले नाहीत, याही वेळी. “थांबली असेल तर थांबली सांगा,” ते हळू म्हणाले. “का थांबली, ते मला शोधता येईल. तुम्ही मनानं वाढवलीत तर मी खोट्या गोष्टीवर खूश होऊन बसेन. इथे मला दुसरं काही काम नाही हो.”

त्यानंतर मी बारा रविवार खरा आकडा सांगितला. त्यांतले नऊ एक्केचाळीसच होते. मग हळूहळू बेचाळीस झाले.

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळची गाडी गेली. मी शाई लावली, पुसली, भिंग धरलं. लाल रेघ सरळ येत होती आणि चकतीच्या अलीकडे ती भिंतीकडे वाकली होती. केसाएवढी, पण वाकली होती. मी चष्मा पुसला. पुन्हा शाई लावली, पुन्हा पुसली. मग बायकोला हाक मारली, कारण माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास उरला नव्हता. तिनं भिंगातून बघितलं आणि म्हणाली, “वळली वाटते.”

रविवार नसताना फोन केला म्हणून सर आधी घाबरले. मी सांगितलं तेव्हा त्यांनी टोक नीट पुसलं का विचारलं. कोणीकडे वळली, विचारलं. चकतीपासून किती अंतरावर, ते विचारलं.

“चार मिलिमीटर,” मी म्हटलं.

“माझा आकडा पाच आहे.” ते म्हणाले. “म्हणजे माझं थोडं चुकलंच.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यांत आनंदाचं वाक्य आहे. त्यांनी फोटो मागितला. पहिल्या फोटोत माझा अंगठा आला, दुसऱ्यात भेग आली. मग पुन्हा फोन लागला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला होता. म्हणाले, काम झालं, पट्टी काढून ठेवा, कोणाला तरी न्यायला पाठवतो. खोली आता भाड्यानं द्या, फार महिने अडवून ठेवली. मी म्हटलं, राहू द्या जी. तर म्हणाले, “नको. आता तिथं मोजायला काही उरलं नाही.” आणि नेहमीचं ‘बरं’ म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी खोलीतच खाली बसलो. बायको दारात आली. एवढी चांगली गोष्ट झाली, मग असे काऊन बसले, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आता रविवारी नऊ वाजता त्यांना काय सांगू?

तिनं माझ्या हातातून भिंग घेतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, “दहा महिने फोन करून राह्यले तुम्ही त्यायले. भेग किती, शाई कशी. छातीत दुखते का आता, जेवता का बरोबर, हे एकडावबी नाई इचारलं. या रविवारी ते इचारजा.”